धोका नसल्याचा दाखला

पांढऱ्या हेल्मेटांच्या रांगेसमोर माणगावकर छत्री टेकून बराच वेळ उभे होते. आमच्या गोदामापुढच्या दगडी कठड्यावर ती ओळीने मांडलेली होती; सगळी उताणी, आणि प्रत्येकाच्या पोटात घडी घातलेला टॉवेल.

"यांना कोणी हात लावलाय?" त्यांनी विचारले.

"नाही. पोलीस निरीक्षक म्हणाले, आहे तसं राहू द्या. पुरावा आहे."

"कशाचा?"

"धमकीचा."

"हे त्यांना कोणी सांगितलं? हेल्मेटांनी?"

माणगावकरांनी एक टॉवेल उचलून नाकाशी धरला, पुन्हा तशीच घडी घालून ठेवला आणि म्हणाले, "धुऊन ठेवलेत. धमकी देणारा माणूस टॉवेल धुऊन देत नाही, हेरवाडकर. चला, मला आधी गरम पाणी द्या. तुमच्या त्या रस्त्याने माझ्या पोटातलं सगळं जागचं हलवलंय."

या गोष्टीला आता पंचवीस वर्षे झाली. पश्चिम नेपाळातल्या सिमलगाड नावाच्या खोऱ्यात पुण्याची आमची कंपनी विजेच्या तारांसाठी मनोरे उभारत होती आणि मी त्या कामाचा प्रकल्प अभियंता होतो. मी तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकलेला मनुष्य. पाया, काँक्रीट, पोलाद यांविषयी मला कोणी काही विचारले असते, तर मी झोपेतही उत्तर दिले असते. पण एके सकाळी गावातला एकही माणूस कामावर आला नाही आणि कठड्यावर ही रांग दिसली, तेव्हा मात्र माझ्या शिक्षणातले काहीच कामी येईना.

तो काळ त्या डोंगरांत बंडखोरीचा होता. पलीकडच्या खोऱ्यात दुसऱ्या एका ठेकेदाराची यंत्रे जाळली गेली होती. त्यामुळे निरीक्षकांनी रांग पाहताच निदान केले: बंडखोरांनी गावकऱ्यांना दम भरला आहे आणि हा आम्हाला इशारा आहे. उपाय तयारच होता. कंपनीने लेखी मागणी करायची, की सशस्त्र पोलिसांची तुकडी येणार. त्या तुकडीला राहायला खोऱ्यात पक्की इमारत एकच होती. कड्यावरची शाळा.

"तुकडी आली की बंडखोर येणारच," शाळेचे हेडसर मला म्हणाले होते. "आजवर ते या खोऱ्यातून नुसते वाटेने जातात. इथे त्यांना थांबायला कारण नाही. तुम्ही कारण आणून ठेवणार. मग आमचं गाव मध्ये."

माझ्याबरोबर सांगली-इचलकरंजीकडचे फिटर होते, वायरमन होते. त्यांच्या जिवाची जबाबदारी माझी. पुण्याहून आमचे व्यवस्थापकीय संचालक उपासनी साहेब सॅटेलाइट फोनवर रोज विचारत, "मागणीचं पत्र धाडू का?" आणि मला हो म्हणवत नव्हते, नाही म्हणवत नव्हते. तेव्हा त्यांनीच माणगावकरांना पाठवले.

रघुनाथ माणगावकर हे तीस वर्षे गुप्तवार्ता खात्यात होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. पुढे त्यांचे मोठे नाव झाले. शेजारच्या देशांतल्या घडामोडींचे सल्लागार म्हणून बँका, कंपन्या, कधी परराष्ट्र खात्यातले जुने सहकारीही त्यांच्या दारी येत. पण सिमलगाड हे त्यांचे सल्लागार म्हणून पहिलेच काम. आमच्या पोरांना वाटले होते की काळा चष्मा लावलेला, बुटांचा आवाज न करणारा कोणी येईल. उतरले ते मालवणचे एक किरकोळ गृहस्थ. हातात कापडी पिशवी, काखेत छत्री आणि जिभेवर अखंड तक्रार.

"पूर्वी सरकार माझं ऐकून घ्यायचं आणि विसरायचं," ते मला म्हणाले. "आता कंपन्या फी देऊन विसरतील. तेवढीच बढती."

दुपारी आम्ही गावात निघालो. मी खिशातून कागद काढला. गावकऱ्यांना काय काय विचारायचे, याचे प्रश्न मी क्रमाने लिहून ठेवले होते.

"हे काय?"

"प्रश्नावली."

"ती खिशात ठेवा. आपण विचारायचं नाही."

"मग कळणार कसं?"

"त्यांना विचारू द्या. विचारलं की माणूस उत्तर तयार करतो, हेरवाडकर. पण स्वतः प्रश्न विचारताना तो सावध नसतो. त्याच्या मनात काय घोळतंय ते तेव्हा बाहेर पडतं. तीस वर्षं मी एवढंच केलं. लोकांच्या चौकशांना उत्तरं देत बसलो."

वाटेवर चहाचे एक दुकान होते. एक पोक्त बाई ते चालवी. सगळे तिला दिदी म्हणत. तिथे मुखिया पद्मबहादुर बोहरा उन्हात बसले होते. त्यांच्याच हाताखाली गावाने आमच्या कामाला माणसे दिली होती. माणगावकर नेपाळी सहज बोलत. त्यांनी रस्त्याला शिव्या घातल्या, पोटाची हकिगत सांगितली, दिदीकडून ओवा मागून घेतला. मुखियांनी त्यांना विचारले, मुले किती, पेन्शन किती, तुमच्याकडे मका होतो का. मग ते माझ्याकडे वळले. मी कामावरून तसाच आलो होतो. डोक्यावर पांढरे हेल्मेट होते.

"हजूरचे वडील आहेत?"

"नाहीत," मी म्हणालो. "चार वर्षांपूर्वी गेले."

मुखियांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर एखादे गणित सुटल्यासारखे काहीतरी आले. दिदीने माझ्या पेल्यात न मागता आणखी चहा ओतला.

परतताना माणगावकरांनी विचारले, "तुम्हाला वडिलांविषयी याआधी इथे कोणी विचारलं होतं?"

मी आठवू लागलो आणि चालता चालता थांबलो. "सगळ्यांनीच विचारलं. फिटर लोकांनाही विचारतात. परवा आमचा वायरमन भोसले वैतागून सांगत होता, अहो, त्या म्हाताऱ्याने मला विचारलं, तुमच्या कंपनीत सगळे पोरकेच भरती करतात का?"

माणगावकर हसले नाहीत. "मला नाही विचारलं," ते म्हणाले. "मुलं विचारली, पेन्शन विचारली, मका विचारला. साठीच्या माणसाला वडील असणं ही खरी नवलाची गोष्ट. ती मात्र नाही विचारली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तयार होऊन आले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर आमचे पांढरे हेल्मेट होते.

"गावात हेल्मेटची गरज नाही," मी म्हणालो.

"तुम्ही तंत्रनिकेतनात प्रयोग करत होता ना? एका वेळी किती गोष्टी बदलायच्या?"

"एकच."

"मग चला."

तीच वाट, तेच दुकान, तेच मुखिया. माणगावकरांनी रस्त्याला त्याच शिव्या घातल्या. पण या वेळी दिदीने ओवा काढला नाही. ती त्यांच्या डोक्याकडे पाहत राहिली आणि तिनेच विचारले, "हजूर, तुमचे बा आहेत?"

"आहेत की! नव्वदीला आलेत. मालवणला असतात. दोन्ही वेळा ताटात मासा नसला तर घर डोक्यावर घेतात."

दिदीचा हात केटलीवर थांबला. मुखिया जमिनीकडे पाहू लागले.

"घाम आला असेल," दिदी म्हणाली. "ते काढून ठेवा."

"नाही आला. थंडीच आहे."

"तरी काढा," ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात विनवणी होती. "काढा, हजूर. बा आहेत ना तुमचे."

माणगावकरांनी शांतपणे हेल्मेट काढून बाकाखाली ठेवले. दिदीने सुस्कारा सोडला आणि त्यांना ओवा दिला.

परतीच्या वाटेवर ते एका दगडावर बसले. समोरच्या उतारावरून एक तरुण जनावरे हाकत चालला होता. अंगात पांढरा सदरा, पायांत कापडी बूट, डोक्यावर पांढरी टोपी.

"त्याचा बाप गेलाय," माणगावकर म्हणाले. "इथे मुलगा वर्षभर पांढरं घालतो. पांढरी टोपी म्हणजे वडील नाहीत. ही गोष्ट मला वीस वर्षं माहीत आहे, हेरवाडकर. काठमांडूला माझ्या कचेरीतला कारकून वर्षभर असाच येत असे. पण प्लॅस्टिकच्या टोपीला मी टोपी धरलीच नव्हती." त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा चोळला. "यांना पांढरी हेल्मेटं दिली कोणी? मजुरांची पिवळी असतात ना?"

मी सांगितले. भूमिपूजनाला उपासनी साहेब स्वतः आले होते. पिवळे हेल्मेट हे मजुराचे, पांढरे हे आम्हा साहेब-कारागिरांचे. ज्यांच्या जमिनीवर आपण उभे आहोत त्यांना मजुराचा रंग द्यायचा नाही, असे त्यांनी बजावले. आपल्याकडे मानाच्या पाहुण्याला टॉवेल, टोपी आणि नारळ देतात. त्यांनी तसाच आहेर मांडला. सपाटीवरून गाडीभर नारळ आणवले आणि गावातल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने पांढरे हेल्मेट चढवले. माणसांनी हात जोडले. हसले कोणीच नाही. आम्हाला वाटले, लाजतात.

"बाप समोर उभा असताना मुलाच्या डोक्यावर," माणगावकर पुटपुटले.

"मग त्यांनी सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? तुम्ही माझ्या जित्या बापाचं सुतक मला घातलंत, हे? ते तोंडाने उच्चारणं म्हणजे अपशकुनात भर. आणि दिलं होतं मानाने, नारळासकट. मानाने दिलेलं तोंडावर कसं फेकणार? बिचाऱ्यांनी काही दिवस घातलं. मग काहीतरी झालं असेल."

"एकाचे वडील उतारावरून पडून गेले. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून…"

"तेव्हा त्यांनी टॉवेल धुतले, घड्या केल्या आणि तुमचा आहेर तुम्हाला परत केला. याहून सभ्यपणे तो कोणाला परत करता आला असता, ते मला दाखवा."

त्या दिवशी फोनवर उपासनी साहेबांचा आवाज आधी चढला आणि मग फुटला.

"हेल्मेटं? माणगावकर, हेल्मेटच्या रंगापायी अख्खं गाव काम सोडतं, हे मी इथे कोणाला सांगू?"

"मला सांगितलंत, तेवढं पुरे."

"आणि तुमचा अंदाज चुकला तर? माझी पोरं आहेत तिथे. त्यांच्यातल्या एकाच्याही केसाला धक्का लागला, तर त्यांच्या घरच्यांना मी काय तोंड दाखवू? बंदोबस्त येऊ द्या. तुम्ही धोका असल्याचं लिहून द्या. मुदतवाढही मिळेल, माणसंही सुरक्षित राहतील. सगळ्या कामांवर तुम्हाला सल्लागार नेमायचं मी ठरवलंय, हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. पण जे मला दिसलं नाही, ते मी लिहीत नाही. खात्यात असताना नाही लिहिलं, आता कशाला सुरुवात करू?"

"साहेब माणूस हट्टी आहे," फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "पण वाईट नाही. त्याला खरंच तुमची काळजी आहे. यंत्रांना लावायचा पिवळा रंग आहे ना गोदामात?"

दुपारभर आम्ही सगळे हेल्मेटे रंगवत बसलो. मला गावकऱ्यांना क्षमापत्र लिहायचे होते. मसुदा मनात तयारही होता. माणगावकरांनी ब्रश माझ्या नाकासमोर धरला.

"एक अक्षर लिहू नका. त्यांनी जे बोलायचं टाळलं, ते तुम्ही चव्हाट्यावर मांडणार? उद्या मी दुकानात जाईन आणि सांगेन, पांढरा रंग बर्फात आणि धुक्यात दिसत नाही, क्रेनवाला ओरडतो, म्हणून कंपनीने बदलला. त्यांना कळेल. आपल्याला कळलंय, हेही कळेल. बस्स."

तसेच झाले. दिदीने ऐकून घेतले. मुखिया गंभीरपणे म्हणाले, "खरं आहे. धुक्यात पांढरं दिसत नाही." मग त्यांनी मला विचारले, "तुमच्याकडे मका होतो का?"

दुसऱ्या सकाळी माणसे आली. एकेकाने पिवळे हेल्मेट उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि डोक्यावर ठेवले. ज्याचे वडील गेले होते तो तरुणही आला. त्याच्यासाठी माणगावकरांनी एक हेल्मेट पांढरेच ठेवले होते. त्याने ते घेतले आणि कपाळाला लावले.

पण तोवर पुण्याहून मागणीचे पत्र निघाले होते. प्रमुख जिल्हा अधिकारी स्वतः आले. त्यांच्याबरोबर निरीक्षक होते, आणि मागे, चेहरा पडलेले, हेडसर. शाळेच्या किल्ल्या अधिकाऱ्यांनी आधीच ताब्यात घेतल्या होत्या.

"माणसं कामावर आलीत, हे मी पाहिलं," अधिकारी म्हणाले. "पण तुमच्या कंपनीची लेखी मागणी माझ्या टेबलावर आहे. मी ती बाजूला ठेवली आणि उद्या काही घडलं, तर मला जाब विचारतील. तुम्ही ठामपणे म्हणता की धोका नाही. लिहून देता? स्वतःच्या नावाने? काही झालं तर जबाबदार तुम्ही."

निरीक्षक हसले. "कोण देईल, साहेब!"

माणगावकरांनी माझ्याकडे हात केला. "कागद."

माझ्या मनात उपासनी साहेबांचे शब्द होते. त्यांनी मला सकाळीच बजावले होते: सही केली, तर माणगावकरांचा आणि कंपनीचा संबंध संपला. हे मी माणगावकरांना सांगितलेही होते. तरी मी कागद दिला.

त्यांनी इंग्रजीत मोजक्या ओळी लिहिल्या. काम थांबण्याचे कारण कंपनीचीच एक चूक होती. ती दुरुस्त झाली आहे. या खोऱ्यात कामाला धोका असल्याचे मला आढळले नाही. बंदोबस्त आल्यास मात्र तो निर्माण होईल. खाली नाव, गाव, सही.

अधिकाऱ्यांनी कागद दोनदा वाचला. "कोणती चूक, ते लिहिलं नाहीत."

"ती आमची घरगुती आहे."

अधिकारी त्याच देशातले होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. पिवळ्या हेल्मेटांच्या घोळक्यात एकच पांढरे हेल्मेट पाया खणत होते. ते काही क्षण तिकडे पाहत राहिले. मग त्यांनी कोटाच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि हेडसरांपुढे धरला. हेडसरांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

संध्याकाळी पुण्याहून निरोप आला. माणगावकरांची नेमणूक संपली आहे, त्यांना सकाळच्या जीपने पाठवावे. मला तो निरोप सांगताना संकोच वाटला. ते भाकरी खात होते. म्हणाले, "साहेबाने शब्द पाळला. चांगली गोष्ट आहे."

सकाळी जीप हॉर्न वाजवत राहिली आणि माणगावकरांचा पत्ता नव्हता. शोधत शोधत मी शाळेखालच्या वळणापर्यंत गेलो. पलीकडच्या खोऱ्यातून वरच्या खिंडीने उतरणारी वाट, शाळेची वाट आणि आमच्या मनोऱ्यांकडे जाणारी वाट तिथे एकत्र येत. त्या तिठ्यावर, आमच्या मेसमधली लोखंडी खुर्ची मांडून, ते छत्री उघडून बसले होते. शेजारी गरम पाण्याचा थर्मास.

"साहेब, गाडी थांबलीय."

"जाऊ द्या तिला. आणि ही खुर्ची मला काही दिवस लागणार आहे. भाडं द्यायला तयार आहे."

ते राहिले. दिदीच्या दुकानामागे एका खोलीत, स्वतःच्या खर्चाने, शेवटच्या मनोऱ्याच्या तारा ओढून होईपर्यंत राहिले. रोज सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आधी खुर्ची तिठ्यावर यायची आणि अंधार पडू लागला की उचलली जायची. येणारेजाणारे त्यांना सगळे काही विचारत आणि ते सगळ्यांना उत्तरे देत. मुले त्यांच्या छत्रीला लोंबकळत. मला वाटे, निवृत्त माणूस आहे, डोंगर आवडले असतील.

एके दिवशी खिंडीतून बोचरा वारा सुटला. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"साहेब, निदान शाळेच्या पडवीत तरी बसा. तिथून दरीही चांगली दिसते."

"दरी बघायला कोण बसलंय?" ते म्हणाले. त्यांनी मफलर कानांवरून घट्ट ओढला आणि खिंडीच्या वाटेवरची नजर न काढता पुढे बोलले. "धोका नाही, असं मी लिहून दिलंय, हेरवाडकर. ते चुकीचं निघालं, तर ते सगळ्यांत आधी मला कळायला हवं."

मी परत मेसमध्ये गेलो आणि आणखी एक खुर्ची घेऊन आलो.